बिल्डरच्या पैशातली गटार घ्या, पण पाईप गावाच्या मापाचा टाका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावात महिनाभरापासून एकच विषय चालू आहे, चहाच्या टपरीवर, बाजार समितीत, दवाखान्याच्या बाकावर, जिथे जाल तिथे तोच. बायपासकडे फ्लॅट आणि रो हाऊसची मोठी स्कीम होतेय, आणि तिथला बिल्डर म्हणतोय की भुयारी गटारीची लाईन मी माझ्या खर्चाने गावातल्या जुन्या मेन लाईनपर्यंत आणून जोडतो, पालिकेने फक्त परवानगी द्यावी आणि रस्ता खोदू द्यावा. जनरल बोर्डात विषय आला, अर्धे नगरसेवक हो म्हणाले अर्धे नाही म्हणाले, आणि विषय पुढच्या सभेवर गेला. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण हा प्रश्न आमच्या एकट्या गावाचा नाही, खान्देशातलं कुठलंही तालुक्याचं गाव घ्या, बायपास झाला की तिकडे प्लॉट पडतात, प्लॉट पडले की घरं येतात आणि घरं आली की मग सगळ्यांना आठवतं की अरे गटार कुठे आहे.

मी काही इंजिनिअर नाही. २६ वर्षं प्लंबिंगचं काम करतोय, एक लहान हार्डवेअरचं दुकान आहे, गावातल्या बऱ्याच घरांचे नळ, संडास, चेंबर माझ्या हाताखालून गेलेत. त्यामुळे कोणती लाईन कुठे कमी उतारावर आहे, कोणतं चेंबर पहिल्या पावसात भरतं, हे मला नकाशा न बघता सांगता येतं. म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबेल, पण छापावं ही विनंती.

सभेत एक सदस्य म्हणाले म्हणे की धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, पालिकेकडे पैसा नाही, कोणी स्वतःहून लाईन टाकून देतोय तर घ्या की मुकाट्याने. दुसऱ्या बाजूचे म्हणाले की बिल्डरला फायदा होतोय ना, मग त्याला आमचा रस्ता खोदू देणार नाही आणि आमच्या लाईनीत त्याची घाण येऊ देणार नाही. मला दोन्ही पटत नाही.

आधी दुसरं घेतो. लाईन नाही दिली तर काय होईल? स्कीम थांबणार नाही, जागा एनए (बिगरशेती) झालीय, काम चालू आहे, फ्लॅट बुक झालेत, त्यात आपल्याच गावातले शिक्षक, एसटीतले लोक, केळीवाले, कापूसवाले आहेत ज्यांनी कर्ज काढून घर घेतलंय. लाईन नाही मिळाली तर तिथे सेप्टिक टँक होतील. आणि आमच्याकडची काळी माती तुम्हाला माहीत आहे, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पण पाणी काही झटकन पीत नाही. या मातीत शोषखड्डा दोन-चार वर्षांत बसतो, मग टाकी वर येते, मग मैला उपसणारा टँकर बोलवायचा. आणि तो टँकर पुढे कुठे रिकामा होतो हे मी दोनदा स्वतः पाहिलंय, रात्री साडेअकराच्या सुमाराला, नाल्याच्या पुलापाशी, लाईट बंद करून पाईप खाली सोडलेला. सकाळी त्याच नाल्यावर ढोरं पाणी पितात. तेव्हा लाईन नको म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की लाईन नसली म्हणून घाण कमी होत नाही, ती फक्त दिसत नाही अशा वेळी गावात येते.

आता पहिलं, धर्माची गाय. ही धर्माची गाय नाही हो. बिल्डर लाईनीचा खर्च फ्लॅटच्या भावात धरणारच, त्यात काही वाईट नाही, धंदा आहे. पण मग तो लाईन कोणाच्या मापाने टाकेल? स्वतःच्या. त्याच्या घरांचं पाणी निघालं की त्याचं काम झालं. आणि एकदा ती लाईन मुख्य रस्त्याखाली गेली, वर डांबर पडलं, की पुढची ३० वर्षं त्याच रस्त्यात दुसरी लाईन कोणी टाकणार नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे. पैसे कोण देतोय यावर भांडण चाललंय, पण पाईप केवढा, किती खोल, कोणाकोणाला जोडता येणार आणि नंतर तो कोणाचा, यावर सभेत कोणी तोंड उघडलं नाही.

हे मी हवेत बोलत नाही. आमच्या कॉलनीचंच सांगतो.

आमची कॉलनी गावाच्या उताराला आहे. प्लॉट ज्याने पाडले त्याने तेव्हा सांगितलं, भुयारी गटार करून देतो, आणि दिली पण. सहा इंची सिमेंटचा पाईप, खाली ना मुरूम ना वाळू, सरळ काळ्या मातीवर ठेवलेला, जॉईंटला सिमेंट फासलेलं. आम्ही सगळे खूश, आम्हाला वाटलं बाकी गाव उघड्या गटारीवर आणि आपण शहरात राहतोय. पहिली चार-पाच वर्षं चाललं. मग वरच्या अंगाला दुसरा लेआउट पडला, त्यांनी पण त्याच पाईपात जोडलं, कारण दुसरा पाईपच नव्हता. मग तिसरा. कोणी कोणाला विचारलं नाही, कारण विचारायचं कोणाला हेच माहीत नव्हतं. मातीने आपलं काम केलं, फुगली, आटली, फुगली, आटली, जॉईंट उघडले, पाईप मध्येच खाली बसला, आणि पाईप बसला की तिथे पाण्याबरोबर मैला पण बसतो.

एका जुलैत रात्री दोन वाजता शेजारच्या जिजींनी दार वाजवलं. त्यांचं घर सगळ्यात शेवटचं, उताराच्या टोकाला. वर पाऊस पडत होता आणि त्यांच्या न्हाणीच्या जाळीतून पाणी वर येत होतं, वरच्या तीन लेआउटचं पाणी. मागच्या खोलीत वर्षाचे गहू भरून ठेवले होते, गोण्या खालून घोटाभर भिजल्या होत्या. मी आणि माझा मुलगा बॅटरी घेऊन रस्त्यावरच्या चेंबरवर बसलो, बांबूच्या कामट्या एकाला एक बांधून घालत राहिलो, पहाटे पाचला चोक निघाला. एवढा वेळ जिजी फडक्याने फरशी पुसत होत्या आणि ते परत वर येत होतं. गहू टाकून द्यावे लागले. गटारीच्या पाण्यात भिजलेला दाणा वाळवून खायला तर घालता येत नाही ना कोणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तक्रार घेऊन गेलो. उत्तर मिळालं, ती लाईन आमच्याकडे हस्तांतरित झालेली नाही, त्यामुळे दुरुस्ती करता येत नाही. प्लॉट पाडणाऱ्याकडे गेलो, तो म्हणाला मी प्लॉट विकले, विषय संपला. म्हणजे जमिनीखाली पाईप आहे, त्यातून साडेतीनशे घरांची घाण वाहतेय आणि तो पाईप कोणाचाच नाही. असं ११ वर्षं चाललंय. दर पावसाळ्याच्या आधी आम्ही घराघरातून वर्गणी काढून साफ करतो. घरपट्टी आम्ही पण पूर्ण भरतो, तरी.

जिजींना मी परवा बिल्डरच्या लाईनीचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पैसा त्यासना शे, पन नाक ते आमनं शे ना भो." (पैसा त्यांचा आहे, पण नाक तर आमचं आहे ना भाऊ.) याच्यापेक्षा सरळ मला पण सांगता येणार नाही.

आता जरा हिशोब. केंद्र सरकारची पाणी-गटारीचं तंत्र बघणारी संस्था आहे सीपीएचईईओ, तिचं २०१३ चं मॅन्युअल आहे, सगळे कन्सल्टंट त्याच्यावरूनच डिझाईन करतात. त्यात भुयारी गटार असलेल्या गावात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ८० टक्के गटारीत येतं म्हणजे १०८ लिटर. पण सकाळी सहा ते नऊ सगळे एकदम अंघोळीला, म्हणून २० हजारापर्यंत लोकसंख्या असेल तर सरासरीच्या तिप्पट पाणी धरून पाईप निवडायचा. आठ इंची म्हणजे २०० मिलिमीटरचा पाईप २५० ला १ उताराने टाकला तर सेकंदाला साधारण २० लिटर वाहून नेतो. या हिशोबाने तो साधारण सव्वापाच हजार माणसांना पुरतो. समजा स्कीममध्ये ४०० घरं, घरटी पाच माणसं, तर झाले दोन हजार. म्हणजे बिल्डर आठ इंची टाकतो म्हणतोय तर तो काही फसवत नाहीये, त्याच्या घरांना तो पाईप भरपूर आहे, थोडी जागा उरते पण.

पण त्या रस्त्याच्या दोन्ही अंगाला बघा काय काय आहे. आमच्यासारख्या जुन्या तीन कॉलन्या, एक झोपडपट्टी जिथे अजून उघडी नाली आहे, दोन शाळा, एक मंगल कार्यालय, आणि पुढे बायपासपर्यंत सगळी शेती जिच्यावर आजच प्लॉटचे बोर्ड लागलेत. हा सगळा उतार त्याच रस्त्याकडे येतो. मॅन्युअल सांगतं ३० वर्षांचा विचार करा, आणि ३० वर्षांत या उतारावर दहा-बारा हजार लोक होणार नाहीत असं कोण छातीठोक सांगेल? आता आठच्या जागी बारा इंची पाईप घ्या. त्याच उताराला तो जवळजवळ तिप्पट पाणी नेतो. व्यास दीडपट, पाणी तिप्पट, हे दुकानात मी गिऱ्हाईकाला सांगतो तर पटत नाही पण गणित तसंच आहे. आणि खोदाई तीच, मुरूम थोडा जास्त, चेंबर तेवढीच, रस्ता परत करायचा खर्च तोच, फरक पडतो मुख्यतः पाईपाच्या किमतीत. तो फरक बिल्डरने का द्यावा? नाहीच द्यावा, हे मला मान्य आहे. तो पालिकेने द्यावा, कारण ती जागा गावासाठी राखायची आहे.

पालिकेकडे पैसा नाही म्हणतात. पण एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्यात १९९२ पासून विकास शुल्क आहे, बांधकाम परवानगी घेताना प्रत्येक जण ते भरतो, मी माझ्या दोन खोल्या वाढवल्या तेव्हा मी पण भरलंय, आणि ते पैसे सार्वजनिक सुविधांसाठीच वापरायचे असतात. बायपासकडच्या सगळ्या लेआउटचं आजपर्यंतचं शुल्क किती जमा झालं आणि कुठे गेलं हे सभेत एकदा वाचून दाखवा. त्यातून पाईपातला फरक निघत असेल तर प्रश्नच मिटला. आणि बिल्डरने पण थोडा जास्त भार उचलला तर त्याला परत मिळायची सोय करा, म्हणजे पुढची दहा वर्षं जो नवीन लेआउट त्या लाईनीला जोडेल त्याने जोडणीच्या वेळी आपल्या वाट्याची रक्कम पालिकेत भरायची आणि पालिकेने ती बिल्डरला द्यायची, दहा वर्षांनी तो हिशोब बंद. मात्र जुन्या वस्तीला, झोपडपट्टीला यातून काही मागू नका, त्यांच्या दारातून रस्ता खोदला जातोय, सहा महिने धूळ ते खाणार आहेत. जळगावात आणि धुळ्यात भुयारी गटारीसाठी रस्ते खोदले गेले तेव्हा तिथल्या लोकांनी काय सोसलं ते आपले पाहुणेरावळे तिथे असल्यामुळे आपण सगळ्यांनी ऐकलंय.

आपल्या खान्देशाला हे काही नवीन नाही. पांझरेवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत आहे, बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या, आणि वरच्या फडातला म्हणजे शेतांच्या वरच्या पट्ट्यातला शेतकरी म्हणू शकत नाही की पाट माझ्या रानापुरता काढा. पाट सगळ्या फडांच्या मापाचा, दरवर्षी साफसफाई सगळ्यांनी मिळून, पाणी द्यायला पाटकरी, राखण करायला जागल्या, आणि त्यांचं देणं सगळ्यांच्या पिकातून. शेवटच्या टोकाच्या माणसाला पाणी पोचलं पाहिजे हा नियम. गटारीचं उलटं आहे एवढंच, पाटात शेवटचा माणूस कोरडा राहतो आणि गटारीत शेवटचा माणूस बुडतो. पण नियम तोच लावा ना. आपल्या आजोबा-पणजोबांना पाटाचं माप समजत होतं, शिकलेल्या आपल्याला पाईपाचं समजू नये?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी, नाहीतर उद्या कोणी म्हणेल प्लंबरला मोठे पाईप विकायचेत. मोठा पाईप टाकला म्हणजे काम झालं असं नाही. गटारीतलं पाणी सेकंदाला निदान ०.६ मीटर वेगाने पळायला लागतं, तेव्हा मैला आणि वाळू पुढे जाते. पाईप मोठा आणि पाणी कमी असेल तर पातळ धार तळाशी रेंगाळते आणि घाण जागच्या जागी बसते. आणि आमच्या गावात उन्हाळ्यात नळ पाचव्या दिवशी येतो! माणसं भांड्याचं पाणी संडासात टाकतात, बादलीने मोजून. १३५ लिटर कुठून आणायचे? म्हणून पाईप किती मोठा हे माझ्यासारख्याने किंवा नगरसेवकाने सभेत ठरवायचं नाहीच, आज किती पाणी येतं, दहा वर्षांनी किती येईल, उतार किती मिळतो, हे सगळं बघून जाणकाराने डिझाईन करावं आणि डिझाईन सगळ्या उताराचं करावं, एका गेटच्या आतलं नाही. आठ इंचीच बरोबर आहे असं निघालं तर आठ टाका, पण मग अजून एक समांतर लाईन लागली तर तिची जागा रस्त्यात आत्ताच राखून ठेवा. बिल्डरचा कन्सल्टंट हे करणार नाही, त्याला ते काम दिलेलंच नाही.

खोलीचं पण तसंच. २५० ला १ म्हणजे मीटरला ४ मिलिमीटर उतार. ८०० मीटरची लाईन असेल तर सुरुवातीपासून शेवटापर्यंत ती ३.२ मीटर म्हणजे साडेदहा फूट खाली जाते. आमच्या गावाचा उतार फार कमी. मग जुन्या मेन लाईनीचा तळ तिथे तेवढा खोल आहे का, हे आधी चेंबर उघडून मोजलं पाहिजे. नसेल तर दोनच रस्ते, एकतर उतार कमी करायचा आणि कायमचा चोकअप विकत घ्यायचा, नाहीतर पंप बसवायचा. पंप बसला की लाईटबिल, आणि लाईट गेली की जनरेटर, आणि ते कोण भरणार? याचं उत्तर प्रस्तावात असायला हवं आणि नाहीये. मी प्रस्ताव वाचलाय, पालिकेत अर्ज देऊन नक्कल घेतली, अडीच पानं आहेत, नकाशा एक आहे पण त्यावर एकही लेव्हल (पाईप कुठे किती खोल त्याचा आकडा) लिहिलेली नाही.

पावसाच्या पाण्याचं तर कोणी बोलतच नाही. गच्चीचे पाईप लोक गुपचूप भुयारी गटारीत सोडतात, मला पण कितीदा सांगतात की दादा देऊन टाक जोडून. मी देत नाही, दुसरा देतो. मग जोराचा पाऊस आला की तासाभरात चेंबरची झाकणं उचलली जातात, सगळा मैला रस्त्यावर. नवीन स्कीमचं पावसाचं पाणी वेगळ्या नालीने जाणार हे आधी लिहून घ्या आणि भोगवटा प्रमाणपत्र द्यायच्या आधी जाऊन बघा.

आता साफसफाई. हे लिहिताना मला त्रास होतो पण लिहितो. आमच्या बेवारस लाईनीला मशीन येत नाही, कारण ती कोणाच्या यादीत नाही. मग लोक काय करतात, शेजारच्या वस्तीतली पोरं बोलवतात, पाचशे-हजार देतात आणि म्हणतात उतर. चेंबरमधला गॅस सडक्या अंड्यासारखा वास मारतो, पण तो जास्त झाला की वास येणंच बंद होतं आणि आत गेलेल्या माणसाला वाटतं की आता हवा चांगली आहे. दुसऱ्या श्वासाला तो पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला पण पडतो. २०१३ च्या कायद्याने असं माणूस उतरवणं बंद केलंय. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अशा मृत्यूला १० लाख भरपाई सांगितली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. पण मालक नसलेल्या पाईपात माणूस मेला तर ते ३० लाख कोणाकडे मागायचे? म्हणून मी म्हणतोय की ज्या दिवशी लाईन चालू होईल त्या दिवशी ती पालिकेच्या नावावर झालेली असली पाहिजे, ठरावात तारीख लिहून. आणि पहिल्या पाच वर्षांत जॉईंट गळला, पाईप बसला, तर दुरुस्ती बिल्डरच्या खर्चाने, त्यासाठी बँक गॅरंटी आधी घ्या. नुसतं हमीपत्र नको. आमच्या कॉलनीचं पण हमीपत्रच होतं, स्टॅम्पपेपरवर, माझ्याकडे त्याची झेरॉक्स आहे.

आणि हे सगळं करून ती लाईन जाणार कुठे? जुन्या मेन लाईनीत. मेन लाईन कुठे जाते? गावाला मलशुद्धीकरण केंद्र अजून नाही, मेन लाईन स्मशानभूमीच्या मागे नदीत सुटते. लोक म्हणतात गावाची घाण जातेच आहे, अजून दोन हजार माणसांची गेली तर काय. दोन हजार माणसांचं म्हणजे रोज दोन लाख लिटरच्या वर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात आहे की देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातलं २०,२३६ दशलक्ष लिटरच शुद्ध होतं. बाकीचं सगळं असंच कुठेतरी स्मशानभूमीच्या मागे सुटतंय. हरित लवादाने सप्टेंबर २०२२ मध्ये कचरा आणि सांडपाण्यावरून आपल्या राज्याला सुमारे १२ हजार कोटींची भरपाई लावली, ती काही आभाळातून नाही लावली, आमच्यासारख्या गावांची बेरीज करूनच लावली.

गिरणा, बोरी, पांझरा, वाघूर, कुठलीही नदी घ्या, शेवटी तापीला मिळते, आणि तापी पुढे उकाईला आणि सुरतला जाते. पण सुरतचं राहू द्या, मधल्या आपल्याच गावांच्या विहिरी नदीकाठाला आहेत. अंमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा बोरीच्या पात्रात भरते, धुळ्यात एकवीरा देवी पांझरेच्या काठावर आहे, चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर लोक अंघोळीला जातात. नदीला आपण माय म्हणतो आणि तिच्या पदरात हे टाकतो, मला तरी हे बघवत नाही.

मग शुद्धीकरण केंद्र होईपर्यंत स्कीम बंद ठेवायची का? नाही. बिल्डरला सांगा की तुझ्या आवारात आधी स्वतःचं लहान शुद्धीकरण युनिट लाव, तिथून निघालेलं पाणी बागेला, संडासाला वापर, उरलेलंच लाईनीत सोड. गावाचं केंद्र झालं की मग सरळ जोडणी. आणि गावाच्या केंद्राचा प्रस्ताव केंद्र सरकारच्या अमृत २.० या शहरांच्या पाणी-गटार योजनेतून पाठवायचं काम किती पुढे आलंय ते मुख्याधिकारी साहेबांनी सांगावं, ही योजना २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झालीय. चार वर्षं गावाला प्रशासक होते, तेव्हा आम्हाला विचारायला दारच नव्हतं. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक झाली, आता आपलीच माणसं आत बसलीत. नगरसेवक भाऊ आणि ताईंना हात जोडून सांगणं आहे की हा विषय हो किंवा नाही म्हणून हात वर करायचा नाही. बिल्डरचे पैसे पालिकेच्या खात्यात जमा करून घ्या, टेंडर पालिकेने काढावं, डिझाईन जीवन प्राधिकरणाकडून नाहीतर जळगावच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजकडून तपासून घ्यावं. बिल्डरला पण हे परवडेल, त्याला लाईन वेळेवर हवी आहे आणि लोकांचा विरोध नकोय, आणि त्याचे फ्लॅट घेणारे पण उद्या आमचे शेजारीच होणार आहेत.

पुढच्या सभेच्या आधी निदान आठ दिवस नकाशा पालिकेच्या दारात भिंतीवर लावा, त्यावर प्रत्येक चेंबरची लेव्हल लिहा, कोणत्या गल्लीला जोडणी मिळणार ते रंगाने दाखवा. लोक येऊन बघतील, हरकती देतील. जिजींना मी हाताला धरून घेऊन येईन, त्यांचं घर त्या नकाशात शेवटी आहे.

आणि काम सुरू झालं की पाईप टाकल्यावर लगेच माती लोटू नका. दोन चेंबरच्या मधला प्रत्येक तुकडा बुजवायच्या आधी एक दिवस उघडा ठेवा, वरून पाणी सोडा आणि खाली किती वेळात पोचतं ते बघा. गावात आम्ही सहा-सात प्लंबर आहोत, आमचं बोलणं झालंय, आम्ही आळीपाळीने येऊन प्रत्येक तुकड्याची लेव्हल ट्यूबने मोजून वहीत लिहून देऊ. मजुरी नको. सकाळी सातच्या आत बोलवा म्हणजे आम्हाला पुढे आमच्या कामावर जाता येईल.

आपला,
एक प्लंबर, जळगाव जिल्हा
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, छापू नये ही विनंती)